आप्पांचे गुडघे आणि वीस मिलिमीटर

दोंडाईच्यात ‘माझा गुडघा दुखतो’ हे चारचौघांत बोलू नये. बोललात, की समोरचा आधी तुमच्या गुडघ्याकडे बघतो, मग पोटाकडे बघतो आणि उपाय सुरू करतो. एरंडेल लावा, रुईचं पान गरम करून बांधा, निरगुडीचा शेक घ्या, मेथीचे लाडू खा, वजन उतरवा, जिना चढू नका, जिना चढायचा सोडलात म्हणूनच दुखतो. गाव सुरत-भुसावळ रेल्वेवर असल्यामुळे आमच्या निम्म्या दुखण्यांवरचा रामबाण वैद्य सुरतेकडे राहतो आणि उरलेल्या निम्म्यांचा भुसावळच्या पलीकडे. उपाय शंभर असले तरी निदान एकच असतं : “वंगण संपलं.” माणसाच्या सांध्याबद्दल इतक्या ठामपणे गॅरेजच्या भाषेत बोलणारी ही मंडळी प्रत्यक्ष यंत्रावर कधी संशय घेत नाहीत. दोष नेहमी गुडघ्याचा. सायकल निर्दोष.

आमच्या आप्पांच्या बाबतीत मात्र दोष सायकलचाच निघाला. आप्पा नात्याने माझे चुलते आणि पेशाने गणिताचे निवृत्त मास्तर. उंची पाच फूट तीन इंच, आवाज सहा फुटी. जन्मभर त्यांनी चोवीस इंची काळी सायकल चालवली. साठी उलटल्यावर पाठीने तक्रार केली, मानेने अनुमोदन दिलं आणि डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली. आप्पांनी ती बंद केली आणि त्याचा सूड घरातल्या सगळ्यांवर उगवायला सुरुवात केली. शेवटी नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या मुलाने आईच्या विनंतीवरून तिकडची एक जुनी, पडून चालवायची तीनचाकी सुटी करून खोक्यांतून पाठवली.

ही गाडी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी : पुढे दोन चाकं, मागे एक. मध्ये जाळीची मागे कललेली बैठक, जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच. पाय सरळ पुढे, छातीच्या दिशेने उचललेले, आणि पायडल गाडीच्या नाकाशी, एका पुढे आलेल्या नळीच्या टोकाला. हँडल समोर नसतं. ते दोन्ही मांड्यांच्या बाजूला असतं. पाठीला आधार, मान मोकळी, हातावर भार नाही, तोल सांभाळायचा नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात जी स्लो सायकलची शर्यत असते, तिच्यात ही गाडी उतरली तर निकाल लागायला दुसरा दिवस उजाडेल, कारण ही उभी राहिली तरी पडत नाही.

आप्पा ती घेऊन पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा चौकातल्या एका पोराने विचारलं, “आप्पा, हाई काय शे? खाट शे का सायकल?” त्याच्या जोडीदाराला त्याहून मूलभूत शंका होती : “जपी राह्यनात का चालाडी राह्यनात?” म्हणजे, झोपलात की चालवताय? मोठ्या माणसांचे प्रश्न याहून अवघड होते. आपल्याकडे तीनचाकी म्हटली की ती हाताने पायडल मारायची, सरकारी योजनेतून मिळणारी, दिव्यांगांची. त्यामुळे निम्मे लोक हळहळले, “काय झालं हो पायांना?” उरलेल्यांनी चौकशी केली, “अर्ज कुठे भरला?” आप्पा धडधाकट पाय हवेत फिरवत त्यांच्यासमोरून गेले, तरी सहानुभूती कमी झाली नाही. डॉक्टरांचा दाखला कुणाकडून मिळवला, एवढीच त्यात भर पडली.

मग झेंड्याचं प्रकरण. ही गाडी इतकी बुटकी असते की ट्रकवाल्याला ती दिसावी म्हणून मागे उंच लवचिक काठी आणि तिच्यावर झेंडा लावतात. तिकडून झेंडा आला तो नारिंगी. आपल्याकडे झेंडा लावला की माणसाला पक्ष लागतोच. पहिल्याच आठवड्यात ‘मास्तर, वॉर्ड कोणता?’ अशी विचारणा झाली. आप्पांनी हिरवा लावून पाहिला, तर विचारणा दुसऱ्या गल्लीतून आली. निळा लावला, तर भाषणाचं आमंत्रण आलं. पांढरा लावणं हा पराभव होता आणि आप्पांना तो मान्य नव्हता. शेवटी काकूंनी आपल्या जुन्या ठिपक्यांच्या साडीचा तुकडा बांधून दिला. त्या कापडावर अजून तरी कोणी हक्क सांगितलेला नाही.

मिरचीच्या हंगामाबद्दलही दोन शब्द लिहायला हवेत. दोंडाईचा आणि नंदुरबार या पट्ट्यात लाल मिरची वाळायला पसरली, की येणारा-जाणारा नाकाला रुमाल लावून जातो. सायकलवरच्या माणसाचं नाक जमिनीपासून पाच-सहा फुटांवर असतं. आप्पांचं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या टायरइतकं. आडव्या स्थितीत सलग आठ शिंका देणं आणि त्याच वेळी दोन्ही हातांनी गाडी सरळ ठेवणं याचा सराव कुठल्याही प्रगत देशात होऊ शकणार नाही.

हे सगळं आप्पांनी सोसलं. पण महिन्याभरात पाठ थांबली आणि गुडघे बोलू लागले. दोन्ही वाट्यांच्या मागे, बरोबर मधोमध. गावाने ताबडतोब निकाल दिला : वय. वैद्य सुरतेकडचे की भुसावळकडचे, एवढाच प्रश्न उरला. काकू पाटावर बसून भाकरी थापत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, “माझे तीस वर्षं दुखताहेत. त्यांना कुणी चाकं मागवली नाहीत.” या वाक्यानंतर स्वयंपाकघरात जी शांतता पसरली ती भाकरी फुगेपर्यंत टिकली.

गणिताच्या मास्तराला ‘वय’ हे उत्तर चालत नाही, कारण त्यात पायऱ्या दाखवलेल्या नसतात. आप्पांनी फूटपट्टी घेतली आणि गाडी मोजायला बसले. क्रँकच्या, म्हणजे पायडल ज्या दांड्याच्या टोकाला असतं त्याच्या, आतल्या बाजूला १७० हा आकडा कोरलेला सापडला. म्हणजे आसाच्या मध्यापासून पायडलच्या मध्यापर्यंत १७० मिलिमीटर. जगातल्या बहुतेक सायकलींना कारखान्यातून येताना याच्याच आसपासचा क्रँक असतो. सहा फुटी डच माणसाला तोच, पाच फूट तीन इंची आप्पांनाही तोच. बुटांचे नंबर असतात, शर्टाचे असतात, चष्म्याचे तर डाव्या-उजव्या डोळ्याचे वेगळे असतात. क्रँक मात्र सगळ्यांना एक.

आमच्याकडची चोवीस इंची काळी सायकल तरी कुठे वेगळी होती? पहिलीपासूनच्या पोरांनी तीच चालवली. बैठकीवर बसलं तर पाय पुरत नाही, म्हणून दांडीच्या खालून पाय घालून, अंग एका बाजूला टाकून, पायडल पूर्ण न फिरवता अर्धंच वरखाली करत. त्या अर्ध्या पायडलला आम्ही गरिबी समजत होतो. खरं तर पायाला जितका वाकवावासा वाटतो तितकाच वाकवायचा, पूर्ण गोल करायचा नाही, असा तो शास्त्रीय तोडगा होता. खान्देशातल्या दहा वर्षांच्या पोराला जे कळत होतं ते पुढे सायकल कारखानदारांच्या डोक्यात शिरलं नाही. अ‍ॅटलस कंपनीने ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनाच्या मुहूर्तावर, साहिबाबादचा कारखाना बंद केला तोवर अशा लाखो काळ्या सायकली देशभर गेल्या होत्या. त्या चालवणाऱ्याच्या पायाची लांबी कुणी विचारली नव्हती.

इथे थोडं गणित करावं लागेल, आप्पांनी ओट्यावर खडूने केलं तेच. १७०चा क्रँक म्हणजे पाय ३४ सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ काढतो. पायडल सर्वांत जवळ येतं तेव्हा गुडघा सर्वांत जास्त मुडपतो, आणि मुडपलेल्या गुडघ्यावर जोर दिला की वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. जितका जास्त मुडपलेला, तितका दाब जास्त. क्रँक १५०चा केला तर वर्तुळ ३० सेंटीमीटरचं होतं. पुढची नळी वीस मिलिमीटर बाहेर ओढली की पाय पसरतो पूर्वीइतकाच, पण जवळच्या टोकाला पायडल तब्बल चाळीस मिलिमीटर लांब राहतं. वीस कमी केले, चाळीस मिळाले. आप्पांच्या सबंध नोकरीत एवढं व्याज कुठल्या पतपेढीने दिलं नव्हतं.

शिवाय या गाडीचा एक खास अवगुण आहे. साध्या सायकलवर चढ आला की माणूस उभा राहतो, आपलं वजन पायडलवर टाकतो आणि गुडघा थोडा सुटतो. पडून चालवताना उभं राहता येत नाही. पाठ बैठकीला टेकलेली असते आणि माणूस तिला रेटा देऊन पायडल ढकलतो. वजनाच्या दीडपट जोर लावला तरी अंग उचललं जात नाही, म्हणून तो लावतोच. त्यात आप्पांचा स्वभाव असा, की गाडीला गियर आहेत तर सर्वांत जड गियर वापरायचा. हलका गियर त्यांना सवलत वाटे, आणि सवलत घेणं त्यांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवलं नव्हतं.

‘ही आडवी सायकल म्हणजे म्हाताऱ्यांची सोय’ असं म्हणणाऱ्यांसाठी जरा इतिहास. शार्ल मोशे नावाच्या फ्रेंच माणसाने अशी दुचाकी बनवली होती. तिच्यावर फ्रान्सिस फॉर नावाचा दुय्यम दर्जाचा मानला जाणारा शर्यतपटू ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसमध्ये बसला, म्हणजे पडला, आणि एका तासात ४५.०५५ किलोमीटर गेला. त्याआधीचा विक्रम ऑस्कर एग याचा ४४.२४७ किलोमीटरचा, १९१४ सालचा. जवळजवळ वीस वर्षं कुणाला मोडता आला नव्हता. उताणा पडून आलेला एक दुय्यम माणूस तो मोडून गेल्यावर आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने काय केलं? चौकशी केली, सभा भरवली, आणि १९३४ मध्ये सायकलची व्याख्याच अशी केली की ही सायकल सायकल राहिली नाही. खान्देशातल्या कुठल्याही सोसायटीच्या संचालक मंडळाला हा निर्णय ओळखीचा वाटेल. तेव्हापासून आडवी सायकल शर्यतीबाहेर, म्हणून दुकानाबाहेर, आणि म्हणून दोंडाईच्यात खाट.

तर क्रँक लहान करायचा ठरला. ही बातमी बाहेर पडली आणि विरोध सुरू झाला. माझ्या निरीक्षणानुसार पुरुषमाणसाला कुठलीही वस्तू ‘लहान’ घ्यायला सांगितली की त्याचा चेहरा पडतो. घर लहान चालत नाही, गाडी लहान चालत नाही, मोबाइलचा पडदा लहान चालत नाही. क्रँक काय असतो हे ज्यांना त्या क्षणापर्यंत ठाऊक नव्हतं, त्यांचंही ‘लहान नको’ यावर एकमत झालं. मिरचीच्या आडतीवरचे एक शेठ म्हणाले, “मास्तर, ताकद जाईल. पाना लांब असला तरच नट सुटतो.”

शेठ अर्धे बरोबर होते. अर्धे बरोबर असणारे लोक वादात फार त्रास देतात. गियर तोच ठेवला तर १५०च्या क्रँकवर पायाला सुमारे तेरा टक्के जास्त जोर लावावा लागतो. पण गियर आहेत कशाला? एक पायरी हलका टाकायचा आणि पाय जरा भरभर फिरवायचे. पूर्वी मिनिटाला सत्तर फेरे असतील तर आता ऐंशी. वर्तुळ लहान असल्यामुळे पावलाला प्रत्यक्षात तितकंच अंतर जावं लागतं. काम तेच, हप्ते जास्त, प्रत्येक हप्ता लहान. शेठना हप्त्यांची भाषा लगेच कळली, पण व्याज कुठे आहे ते सापडेना, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला नाही.

त्यांच्यासाठी नव्हे, पण वाचकांसाठी सांगतो : जेम्स मार्टिन आणि वेनिन स्पिर्डुसो या अमेरिकन संशोधकांनी २००१ मध्ये सायकलपटूंना १२०, १४५, १७०, १९५ आणि २२० मिलिमीटरच्या क्रँकवर जीव खाऊन पायडल मारायला लावलं. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी ताकदीतला फरक चार टक्क्यांच्या आसपास भरला, आणि १४५ व १७० यांत तर सांगण्यासारखा फरक नव्हता. तरीही जग लांब क्रँकवरच फिरत राहिलं. मग २०२४ मध्ये ताडेय पोगाचारने १६५च्या क्रँकवर टूर द फ्रान्स जिंकली, आणि एका रात्रीत लहान क्रँक घेणं मर्दानगीचं झालं. संशोधनाने जे काम वीस-बावीस वर्षांत झालं नाही ते एका पिवळ्या बनियनने केलं.

आपल्या बाजूलाही सायकलचं वेड आलेलं आहेच. नाशिकच्या महाजन बंधूंनी, डॉक्टर असलेल्या त्या दोघा भावांनी, २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत जोडीने पूर्ण केली, त्यानंतर उत्तर महाराष्ट्रात पहाटे हेल्मेट घालून निघणाऱ्यांची संख्या डोळ्यांत भरू लागली. ही मंडळी बैठकीची उंची मिलिमीटरमध्ये मोजून घेतात, हँडल कललंय का ते बघतात, बुटाखालची पट्टी अर्धा अंश फिरवतात. क्रँक मात्र दुकानातून आला तोच. सारंगखेड्याच्या यात्रेत दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. तिथे आमचा माणूस घोड्याचा खूर उचलून बघतो, गुडघ्यावरून हात फिरवतो, चालवून बघतो, पळवून बघतो, आणि मगच खिशाला हात लावतो. तोच माणूस सायकल रंग बघून घेतो.

आता कारागिरीकडे येऊ. आमच्या सायकलमिस्तरींनी हयातभर कॉटरचे, म्हणजे पाचरीने बसवलेले, क्रँक काढले होते : नट सैल करायचा, हातोडीचा एक ठोका, कॉटर खाली, क्रँक हातात. या गाडीला कॉटरच नव्हती. मिस्तरींनी क्रँकभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि हातोडी खाली ठेवली. मी त्यांना हातोडी खाली ठेवताना तेव्हाच पाहिलं. चौकोनी आसावर दाबून बसवलेला क्रँक ओढून काढायला वेगळा पाना लागतो. तो मिळाला. क्रँक भरीव ॲल्युमिनियमचा निघाला, ही सुदैवाची गोष्ट, कारण पोकळ क्रँकला नवं भोक पाडता येत नाही. लेथवर वीस मिलिमीटर आत भोक पाडायचं आणि आटे कापायचे, एवढंच काम.

एवढंच. पण सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे असतात. सरळ असते तर चालवता चालवता पायडल सैल होऊन गळून पडलं असतं. ट्रॅक्टरच्या आसापासून तेलघाणीच्या दांड्यापर्यंत सगळं दुरुस्त करणाऱ्या लेथवाल्याकडे नऊ-सोळांश इंचाचा, इंचाला वीस आटे कापणारा सरळ टॅप होता. उलटा नव्हता. तो म्हणाला, “मास्तर, दोन्ही उजवेच करून देतो की.” आप्पांनी त्याला डाव्या पायडलच्या उलट्या आट्यांमागचं कारण फळ्यावर काढून दाखवलं. त्याला ते पटलं, पण पटण्याने टॅप तयार होत नाही. धुळ्यात चौकशी झाली, जळगावात झाली. शेवटी तो सायकलींच्या राजधानीतून, लुधियान्याहून मागवला. टॅप येईपर्यंत आप्पा उजवीकडे १५० आणि डावीकडे १७० असं चालवून बघण्याच्या विचारात होते; काकूंनी चाव्या लपवल्या. या गाडीला चावी नसते, म्हणून त्यांनी साखळी लपवली.

टॅप आला, क्रँक बसला, नळी वीस मिलिमीटर पुढे ओढली आणि साखळी आखूड पडली. हा या गाडीचा दुसरा अवगुण : पायडल नळीच्या टोकाला असल्यामुळे नळी हलली की साखळीची लांबी बदलते. चार कड्या जोडल्या. त्यानंतर आप्पा निघाले, हलक्या गियरवर, पाय भरभर फिरवत, सवलत घेत. पहिले काही दिवस मांड्या गोंधळल्या आणि दम जरा जास्त लागला. मग तापीकडच्या रस्त्याला जाऊन यायला लागले. वाटीमागचं दुखणं गेलं. गावाने याचं श्रेय रुईच्या पानाला दिलं.

खरी पंचाईत पुढे झाली. १५०चा क्रँक आप्पांपेक्षा काकूंना जास्त बसला, कारण त्या पाच फुटांच्या आत आहेत. संध्याकाळी त्या अंगणात फेऱ्या मारू लागल्या, मग गल्लीत, मग मंदिरापर्यंत. त्यांच्यासाठी नळी आत ढकलली की साखळी लोंबते, आप्पांसाठी ओढली की ताणते. नळीवर खडूच्या दोन खुणा आहेत आणि प्रत्येकाला दुसऱ्याची खूण चुकीची वाटते. ज्या नवरा-बायकोंना आयुष्यात भांडायला काही उरलेलं नाही त्यांनी अशी गाडी अवश्य घ्यावी. झेंडा आता काकूंच्या मालकीचा असल्यामुळे गाडीही त्यांचीच, असा युक्तिवाद घरात जोर धरतो आहे.

ज्याचा गुडघा सुजतो, अडकतो किंवा रात्री झोपेतही दुखतो त्याने डॉक्टरांकडेच जावं. क्रँक बदलून संधिवात जात नाही. पण ज्याचा गुडघा फक्त पायडल मारतानाच कुरकुरतो, त्याने सुरतेचं किंवा भुसावळचं तिकीट काढण्याआधी आपली सायकल उताणी करावी आणि क्रँकची आतली बाजू पायडलच्या भोकाजवळ फडक्याने पुसून बघावी. क्रँकची लांबी बहुधा तिथेच कोरलेली असते.